खालच्या जागी चामखीळ आलीय? लाजेत महिने घालवू नका, आधी हे वाचा

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आंघोळ करताना हाताला काहीतरी खरखरीत लागलं, मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर लिंगाच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढे दोन दाणे. दुखत नव्हते, खाजत नव्हते, म्हटलं घामोळं असेल, जाईल आपोआप. पंधरावीस दिवसांत दोनाचे पाच झाले आणि एकाला वरून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं फुटलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. त्यानंतर साडेतीन महिने मी कोणाला काही बोललो नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, डॉक्टरला तर नाहीच. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर फोटो बघत बसायचं आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जायचं. एचआयव्ही झाला, कॅन्सर झाला, संसार मोडला, सगळं मनातल्या मनात होऊन गेलं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "वॉर्ट आहेत, एचपीव्हीचे. बरे होतात. इतके दिवस का थांबलात?"

मला उत्तर देता आलं नाही. माझे गेले तसे महिने दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण नंतर डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले, बरंच वाचलं आणि ट्रीटमेंट स्वतःच्या अंगावर घेतलीय. क्रमाने सांगतो, तुम्ही ज्या टप्प्यावर असाल तिथून पकडा.

पहिलं काम: उजेडात नीट बघा

हात धुवा, दिवसाच्या उजेडात हातात छोटा आरसा घेऊन बघा. पुढची कातडी मागे घेऊन आतली बाजू, टोकाच्या खालची खाच, लघवीच्या भोकाचा काठ, लिंगाचा दांडा, केसांचा भाग, अंडाच्या पिशवीची मागची बाजू, जांघ आणि संडासच्या जागेभोवती. शेवटची जागा सगळेच विसरतात, मी पण विसरलो होतो, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की तिथे पण एक बारीक होता.

वॉर्ट म्हणजे आपली चामखीळच, पण नाजूक जागेतली. एक असेल किंवा पंधरावीस, कातडीच्या रंगाची, गुलाबी किंवा तपकिरी, कधी चपटी, कधी देठावर उभी, कधी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी. ओलसर जागेत म्हणजे पुढच्या कातडीच्या आत मऊ लागते, कोरड्या जागेत खरखरीत. बहुतेक वेळा दुखत नाही, कधी खाज येते, घासली तर थोडं रक्त येतं.

आता महत्त्वाचं, म्हणजे काय वॉर्ट नसतं. टोकाच्या खालच्या कडेला गोलाकार, एका ओळीत, सगळ्या एकाच मापाच्या मोत्यांसारख्या बारीक पुळ्या असतील तर तो रोगच नाही, कित्येक पुरुषांना त्या असतात, लागण होत नाही आणि ट्रीटमेंटची गरज नाही. वयात आलेली पोरं त्या बघूनच सगळ्यात जास्त घाबरतात आणि त्यांनाच भोंदू लोक जास्त लुटतात. तसंच कातडी ताणली की दिसणारे पिवळसर पांढरे ठिपके, त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, नॉर्मल. चकचकीत गोल फोडी आणि मधोमध बेंबीसारखा खळगा असेल तर ते मोलस्कम, तो वेगळा व्हायरस. पाण्याचे बारीक फोड येऊन फुटले आणि आग होतेय तर हर्पिस असू शकतो. आणि चपटे, ओलसर, पांढरट राखाडी चट्टे असतील तर सिफिलीसची शंका येते, त्याचं औषध पूर्ण वेगळं, पेनिसिलिनचं इंजेक्शन. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय कारण सिफिलीसला वॉर्ट समजून जाळत बसलात तर खरा आजार आत तसाच राहतो.

अजून एक गोंधळ आपल्याकडे फार होतो. संडासच्या जागेला गाठ लागली की माणूस म्हणतो मोड आलेत, मूळव्याध आहे, आणि महिनोन्महिने त्याचीच औषधं आणि चूर्णं चालू. ते दरवेळी मोड नसतात. एकदा दाखवून खात्री करून घ्या.

हे येतं कुठून

ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. याचे २०० च्या वर प्रकार आहेत आणि त्यातले साधारण ४० गुप्तांगाच्या भागात राहतात. आपल्याला चामखीळ देतात ते मुख्यतः नंबर ६ आणि ११, असल्या १० केसेसमधल्या ९ यांच्याच. कॅन्सरवाले प्रकार वेगळे, त्यात १६ आणि १८ हे मुख्य. हराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे हे दाखवल्याबद्दल २००८ चं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या ग्रुपची सुरुवात चामखिळींपासूनच झाली, आधी तिथे ६ नंबर सापडला आणि मग १९८३-८४ च्या सुमारास कॅन्सरमध्ये १६ आणि १८. म्हणजे ज्याला आपण लाजेने झाकतो त्याच दाण्यांनी पुढे एका मोठ्या लसीचा रस्ता दाखवला.

पसरतो कातडीला कातडी लागून. संभोगच व्हायला पाहिजे असं नाही, नुसतं घासणं, तोंडावाटे संबंध, हात, सगळं चालतं त्याला. म्हणून कंडोमने धोका कमी होतो पण शून्य होत नाही, कारण कंडोम झाकतो तेवढंच झाकतो, बाकीची जागा उघडीच. सार्वजनिक संडास, स्विमिंग पूल, गाडीची सीट यांच्यावर खापर फोडू नका, लागण तशी होत नाही.

आणि किती कॉमन आहे बघा, २०२३ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची एकत्र आकडेमोड प्रसिद्ध झाली, त्यात १५ वर्षांवरच्या साधारण दर ३ पुरुषांमागे एकाच्या गुप्तांगावर कुठला ना कुठला एचपीव्ही सापडला. बहुतेकांना पत्ताही नसतो, वर्षा-दोन वर्षांत शरीर तो दाबून टाकतं. ज्याला दाणे दिसतात तो वाईट चालीचा आणि ज्याला दिसत नाहीत तो सज्जन, असा हिशोब इथे लागूच पडत नाही.

लागण झाल्यापासून दाणे दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, कधी वर्ष किंवा त्याहून जास्त. ही ओळ लक्षात ठेवा, बायकोशी बोलताना लागणार आहे.

दुसरं काम: घरगुती प्रयोग आजच बंद

हा भाग मी मोठा लिहिणार आहे कारण नुकसान इथेच होतं, व्हायरसने होत नाही तेवढं.

आपल्याकडे चामखिळीला चुना आणि पापडखार लावतात, घोड्याचा केस बांधतात, बिब्बा लावतात. हातावरच्या चामखिळीला आजीने हे केलेलं मी लहानपणी बघितलंय. पण खालची कातडी हातासारखी जाड नसते. चुना-खाराने तिथे सरळ भाजतं, बिब्ब्याने तर असा फोड येतो आणि चिघळतं की मूळ दाणा परवडला म्हणायची वेळ येते, आणि व्रण कायमचा राहतो. केस बांधून दाणा गळला तरी आजूबाजूच्या कातडीत व्हायरस असतोच, वर जखम पिकली तर ती निस्तरायची.

माझी चूक सांगतो. डॉक्टरकडे जायची लाज म्हणून मी दुसऱ्या भागातल्या एका मेडिकलमध्ये गेलो, "चामखिळीचं औषध द्या" एवढंच म्हणालो, कुठल्या जागेची ते सांगितलं नाही. काउंटरवरच्या माणसाने एक छोटी तपकिरी बाटली दिली, पॉडोफायलिनची. ते औषध खरं आहे, पण ते डॉक्टरने स्वतः लावायचं असतं, आजूबाजूला व्हॅसलीन लावून, थेंबभर, आणि काही तासांत धुवायचं. मी कापसाने चोपडलं आणि रात्रभर ठेवलं. पहाटे तीनला आगीने उठलो. आठ दिवस पँट घालताना जीव जात होता, आणि त्या सुजेमुळे पुढे डॉक्टरांना पण दोन आठवडे थांबावं लागलं. म्हणून कळकळीने सांगतोय, नुसतं "चामखिळीचं औषध" मागून काहीही आणू नका. हातापायाच्या चामखिळीचं आणि कुरुपाचं सॅलिसिलिक अ‍ॅसिडवालं औषध मिळतं ते पण या जागेसाठी नाही.

मेडिकलमध्ये "खाजेची ट्यूब" म्हणून मिळणाऱ्या, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक सगळं एकत्र असतं, त्या लावू नका. स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते, कातडी पातळ होते आणि दाणे वाढायची शक्यता. अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा पण उपयोग नाही, हा व्हायरस आहे. थुजा या होमिओपॅथीच्या औषधाबद्दल बरेच जण विचारतात, त्याने हे जातात असा भरवशाचा पुरावा मला कुठे मिळाला नाही, आणि काहींचे दाणे वर्षभरात आपोआप जातात त्यामुळे कशाने गेले तेच कळत नाही. रेल्वेच्या डब्यात आणि भिंतींवर "गुप्तरोग हमखास बरा" अशा जाहिराती असतात तिकडे तर अजिबात फिरकू नका.

आणि रेझर थांबवा. शेव्ह करताना बारीक कापतं आणि व्हायरस दुसऱ्या जागी पेरला जातो. केस वाढलेच तर कात्रीने छाटा. दाणे खुडू नका, नखाने उकरू नका.

तिसरं काम: योग्य दार ठोठवा

त्वचारोग तज्ज्ञ, स्किन स्पेशालिस्ट. आपल्याकडे त्यांच्या शिक्षणातच गुप्तरोग येतात, सरकारी हॉस्पिटलमध्ये त्या विभागाच्या पाटीवरच "त्वचा व गुप्तरोग" असं लिहिलेलं असतं. ते रोज हे बघतात. दाणा लघवीच्या भोकाच्या आत असेल, लघवीची धार फाटत असेल किंवा लघवीत रक्त दिसत असेल तर युरोलॉजिस्ट. संडासच्या जागेच्या आत असेल तर सर्जन, कारण आत दुर्बिणीसारखं छोटं यंत्र घालून बघावं लागतं.

पैशाची अडचण असेल तर मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जा, केसपेपर काढा आणि खिडकीवर फक्त "स्किन" म्हणा, तिथे कारण सांगायची गरज नसते. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये नॅकोचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं, "सुरक्षा क्लिनिक" असतं, लैंगिक आजारांची तपासणी आणि सल्ला तिथे मोफत मिळतो. १०९७ ही नॅकोची टोल फ्री हेल्पलाइन आहे, जवळचं सेंटर कुठे हे तिथून कळतं, आणि समोरासमोर बोलायची हिंमत होत नसेल तर फोनवरून सुरुवात करा.

आत गेल्यावर काय बोलायचं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणा, "डॉक्टर, खालच्या जागी दाणे आलेत, इतके दिवस झाले, तपासून घ्यायचंय." बाकी ते विचारतात. काय काय लावून झालं ते खरं सांगा, तपकिरी बाटली पण सांगा. डायबिटीस असेल, इतर औषधं चालू असतील, सिगरेट असेल, सांगा. संबंधांबद्दल विचारलं तर खरं सांगा. पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील तर तेही सांगा, ते २०१८ पासून आपल्याकडे गुन्हा नाही, आणि डॉक्टरला माहीत असेल तर ते गुदद्वाराच्या आत आणि घशात पण तपासतील. समोरचा डॉक्टर उपदेश करायला लागला तर उठून दुसऱ्याकडे जा, पण जायचं सोडू नका.

बहुतेक वेळा नुसतं बघून निदान होतं. पुरुषांसाठी एचपीव्हीची नेहमीच्या वापरातली मान्य टेस्ट नाही, त्यामुळे कोणी लॅबमध्ये "एचपीव्ही पॅकेज" विकत असेल तर तुमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय पैसे घालू नका. मात्र एचआयव्ही, सिफिलीससाठी व्हीडीआरएल आणि हिपॅटायटिस बी या रक्ताच्या टेस्ट करून घ्या, कारण एक लैंगिक इन्फेक्शन असेल तर सोबत दुसरं असू शकतं. एचआयव्हीची टेस्ट सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे सल्ला आणि तपासणी केंद्रात, फुकट होते, आणि कायद्यातले काही मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तो रिपोर्ट दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. रिपोर्ट यायच्या आधीची रात्र वाईट जाते, माझी गेली. सगळे निगेटिव्ह आले तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो.

तुकडा काढून तपासायला, म्हणजे बायोप्सीला, पाठवतात ते शंका आली तरच. दाणा कडक आहे, काळा पडलाय, जखम झालीय आणि भरत नाही, आपोआप रक्त येतंय, ट्रीटमेंटला दाद देत नाही, झपाट्याने वाढतोय किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे, असं काही असेल तर स्वतःहून विचारा की बायोप्सी करायची का.

चौथं काम: ट्रीटमेंट समजून निवडा

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. सगळ्या ट्रीटमेंट दिसणारा दाणा काढतात, व्हायरस काढायचं औषध अजून नाही, तो आपलं शरीरच दाबतं. म्हणून "एका सिटिंगमध्ये कायमचा खलास" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा.

घरी लावायची दोन औषधं आहेत, दोन्ही डॉक्टरने लिहून दिली तरच. एक इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम, छोट्या पाकिटात येतं. आठवड्यातून तीन रात्री, समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार, झोपताना फक्त दाण्यावर पातळ लावायचं आणि ६ ते १० तासांनी साबण-पाण्याने धुवायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. हे जाळत नाही, तिथल्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, त्यामुळे लालसर होणार, थोडी आग होणार, ते अपेक्षित आहे. पण कातडी सोलली, जखम झाली किंवा ताप अंगदुखी आली तर थांबा आणि फोन करा. क्रीम अंगावर असताना संबंध नको, त्याने कंडोम कमकुवत होतो. पुढच्या कातडीच्या आत लावत असाल तर रोज कातडी मागे घेऊन धुवा, नाहीतर आत सूज येऊन ती अडकते.

दुसरं पॉडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के. नाव माझ्या तपकिरी बाटलीसारखं वाटतं पण हे शुद्ध आणि मोजून बनवलेलं असतं. दिवसातून दोनदा, तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी, अशी फार तर चार आवर्तनं. पहिल्या वेळी डॉक्टरसमोरच लावून दाखवायला सांगा.

दवाखान्यात होणारं म्हणजे क्रायो, अ‍ॅसिड आणि कॉटरी. क्रायोत लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ डिग्री, दाण्यावर फवारतात किंवा कापसाने लावतात. बर्फाचा चटका दिल्यासारखं झोंबतं, नंतर फोड येऊन गळतं, आणि एक-दोन आठवड्यांच्या अंतराने बऱ्याचदा तीनचार सिटिंग लागतात. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ८०-९० टक्के, डॉक्टर टोकदार काडीने लावतात, दाणा लगेच पांढरा पडतो, छोट्या आणि ओलसर दाण्यांना चांगलं. इलेक्ट्रोकॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे करंटने जाळणं, यात दाणे त्याच दिवशी जातात. मोठे, देठाचे, खूप असतील तर कापून काढतात किंवा लेझर करतात. कातडी इतकी घट्ट असेल की मागेच जात नाही आणि आत दाणे आहेत, तर कधी सुंता करायचा सल्ला देतात.

मी कॉटरी केली, कारण दाणे तोपर्यंत अकरा झाले होते. भीती होती ती इंजेक्शनचीच, आणि खरं सांगायचं तर सुई टोचते ती पंधरा सेकंद दुखतं. आधी बधिर करणारं क्रीम तासभर लावून ठेवलं तर तेही कमी होतं, मी ते मागून घेतलं, तुम्ही पण मागा. पुढची वीस मिनिटं काही कळलं नाही, फक्त केस जळल्याचा वास. डॉक्टर आणि सिस्टर मास्क लावून होते, त्या धुरात पण व्हायरसचे अंश असतात, आणि धूर ओढणारं मशीन शेजारी चालू होतं. मशीन नसेल तर निदान तुम्हालाही मास्क द्यायला सांगा.

कुठली निवडायची हे दाणे किती, कुठे, तुमचं बजेट आणि फेऱ्या मारायची सोय यावर ठरतं. गावाहून येणाऱ्याला दर आठवड्याला क्रायोसाठी येणं जमत नाही, त्याने तसं सांगावं, डॉक्टर कॉटरी किंवा क्रीम सुचवतील. दाणे बारीक आणि दोनचारच असतील तर काही महिने वाट बघणं हाही एक मान्य पर्याय आहे, पण तो डॉक्टरने तपासून झाल्यावर.

पाचवं काम: जखमेची काळजी

पहिले दोन दिवस सुट्टी काढा, बाईक टाळा. सैल कॉटनचे कपडे. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही, दिलेलं मलम लावायचं. डेटॉल, सॅव्हलॉन, हळद काही नाही. खपली स्वतः पडू द्या. माझी बारा दिवसांत पडली, काहींना तीन-चार आठवडे लागतात. जागा थोडी काळपट किंवा पांढरट राहते, हळूहळू मिसळते. पू, वाढती सूज, ताप, थांबत नसलेलं रक्त किंवा लघवी अडणं, यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता जा. जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध बंद, कंडोम लावूनही नाही.

परत आले तर

बऱ्याच जणांना परत येतात, आणि बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. मला सातव्या आठवड्यात दोन आले आणि मी पुन्हा खचलो, वाटलं आता हे जन्माचं झालं. डॉक्टर म्हणाले, हे नवीन इन्फेक्शन नाही, ट्रीटमेंट फसली असंही नाही, शेजारच्या कातडीत लपलेला व्हायरस वर आला. दोन मिनिटांत क्रायो केलं. त्यानंतर आजपर्यंत नाही. तर पहिले तीन महिने दर रविवारी आरसा घेऊन बघायचं आणि दिसला की लगेच जायचं, लहान असताना पाच मिनिटांचं काम असतं. सिगरेट सोडा, तिचा आणि एचपीव्ही टिकून राहण्याचा संबंध आहे. शुगर ताब्यात ठेवा. वारंवार आणि खूप येत असतील तर शुगर आणि एचआयव्ही पुन्हा तपासा.

सहावं काम: पार्टनरला सांगणं

हे सगळ्यात अवघड, आणि टाळता येत नाही. मी सांगितलं ते स्वयंपाकघरात, मुलगी झोपल्यावर. आधी कागदावर लिहून काढलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. रिपोर्ट तिच्या हातात दिले आणि म्हणालो, असं असं झालंय, बरं होतं, तुला पण एकदा दाखवायला लागेल. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "किती दिवस लपवलंस?" तिला राग व्हायरसचा नव्हता, त्या साडेतीन महिन्यांचा होता, आणि तो बरोबर होता कारण त्या काळात मी तिला धोक्यात ठेवलं होतं.

"कोणाकडून आला" हा प्रश्न येतोच. खरं उत्तर हे की बहुतेकदा कळूच शकत नाही. लग्नाआधीचा जुना संबंध, तिचा असो किंवा तुमचा, व्हायरस कित्येक वर्षं गप्प बसू शकतो. त्यामुळे आज दाणे दिसले म्हणजे आज कोणी फसवलं असा पुरावा होत नाही. एकमेकांवर आळ घेऊन घरं मोडलेली आहेत, या आजारात तरी तसं करू नका. पण खरंच बाहेर संबंध असतील तर ते सांगायची जबाबदारी तुमची.

तिला दाणे नसतील तर तिला औषधाची गरज नाही. स्त्रीरोग तज्ज्ञांकडे एकदा दाखवायचं आणि वयानुसार गर्भाशयमुखाची तपासणी, पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट, वेळच्या वेळी करायची. ती तुम्हाला वॉर्ट असोत नसोत प्रत्येक बाईने करायचीच आहे, फक्त आपल्या घरांत ती राहून जाते. या निमित्ताने झाली तर चांगलंच. ती गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरला आवर्जून सांगा, इमिक्विमॉड आणि पॉडोफायलोटॉक्सिन गरोदरपणात वापरत नाहीत, आणि वॉर्ट आहेत एवढ्याच कारणाने सिझेरियन लागत नाही. लग्न ठरलेलं असेल तर ट्रीटमेंट आधी पूर्ण करा आणि तिला लग्नाआधी सांगा, नंतर नाही.

कॅन्सरचं काय

६ आणि ११ नंबर कॅन्सरवाले धरत नाहीत, त्यामुळे साध्या वॉर्टचा कॅन्सर होईल म्हणून झोप उडवू नका. पण एकाच माणसाला एकाहून जास्त प्रकार असू शकतात, आणि १६ नंबर पुरुषांमध्ये लिंगाचा, गुदद्वाराचा आणि घशाचा, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर करू शकतो. तो फार थोड्यांना आणि बऱ्याच वर्षांनी. न भरणारी जखम, कडक गाठ, जांघेत गाठी, गिळताना सतत त्रास, मानेत न दुखणारी गाठ, यातलं काही तीन आठवड्यांच्या वर राहिलं तर दाखवा. एचआयव्ही असेल तर डॉक्टरला गुदद्वाराच्या तपासणीबद्दल वेगळं विचारा.

शेवटचं काम: लस

लस आलेले दाणे घालवत नाही, हे आधीच सांगतो, मी पण त्या आशेने विचारलं होतं. ती पुढची लागण अडवते, म्हणून संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर सगळ्यात जास्त फायदा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चारही नंबरांवर आहे. २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हा एका डोसची किंमत साधारण २,००० रुपये होती. ९ ते २६ वर्षं, मुली आणि मुलगे दोघांसाठी. ९ ते १४ मध्ये दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, १५ च्या पुढे तीन. परदेशी गार्डासिल ९ मध्ये नऊ प्रकार येतात पण ती बरीच महाग. २६ च्या वर असाल तर फायदा कमी होतो, डॉक्टरशी बोलून ठरवा. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना सरकारी खर्चाने लस सुरू केली आणि काही वर्षांत तिथल्या तरुण मुलांचे पण वॉर्ट झपाट्याने कमी झाले, मुलांना लस मिळाली नव्हती तरी. २०१३ पासून तिथे मुलांनाही देतात. आपल्याकडे मात्र या लसीचं नाव काढलं की "ती मुलींची ना" असंच म्हणतात.

माझी ताई पण हेच म्हणाली. भाचा बारा वर्षांचा आहे, मी म्हटलं त्याला दे, तर म्हणे, "अरे पण मुलग्याला कशाला?" तेव्हा मी तिला स्वयंपाकघरातली, जिन्यातली, तपकिरी बाटलीची सगळी गोष्ट सांगितली, बायकोनंतर पहिल्यांदाच कोणाला तरी. ती ऐकून घेऊन म्हणाली, "एकटाच सोसलंस होय रे." पुढच्या शनिवारी आम्ही तिघं बालरोग तज्ज्ञांकडे गेलो, पहिला डोस झाला. दुसऱ्याची तारीख तिने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलीय.